एरर नाणं, झिजलेलं नाणं आणि ठोकलेलं नाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नाणी जमवणाऱ्या माणसाला व्हॉट्सॲपवर सतत नाण्यांचे फोटो येतात आणि खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते, "ह्याचे किती येतील?" किमतीचं नंतर बघू. नाण्याला जे काही झालंय ते टांकसाळीत झालं की टांकसाळीबाहेर, एवढं ठरवता आलं तर निम्मे फोटो पाठवायची गरजच उरत नाही.

माझ्याकडचं नाणं 'एरर' आहे हे ओळखायचं कसं?

त्यासाठी नाणं बनतं कसं ते माहीत हवं. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून नरम करतात, धुऊन स्वच्छ करतात, मग एका यंत्रातून फिरवून त्यांचा काठ जरा उचलून घेतात. अशी कोरी चकती प्रेसमध्ये दोन डायच्या, म्हणजे उलटं चित्र कोरलेल्या ठशांच्या, मध्ये येते, भोवती कॉलर नावाचं कडं असतं. वरचा डाय आदळतो आणि एका ठोक्यात दोन्ही बाजू आणि काठ तयार होतो. मग नाणं बाहेर ढकललं जातं आणि पुढची चकती आत येते.

ह्यातल्या कुठल्यातरी पायरीवर गडबड झाली तर ती एरर. नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावर त्याला जे काही झालं, म्हणजे रेल्वेखाली गेलं, हातोडीने ठोकलं, गॅसवर तापलं, ॲसिडमध्ये पडलं, ते सगळं नुकसान. दिसायला कितीही विचित्र असलं तरी नुकसानच. म्हणून नाणं हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : प्रेसमध्ये असं होऊ शकतं का, आणि होऊ शकत असेल तर कसं? उत्तर सुचलं नाही तर बहुधा ते नाणं कोणीतरी घरी बनवलेलं आहे.

चित्र एका बाजूला सरकलंय, अर्धी जागा कोरी आहे. हे चांगलं का?

हो, ही खरी आणि सगळ्यांना कळणारी चूक. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही आणि ठोका पडला. ह्याला ऑफ-सेंटर म्हणतात. पाच टक्के सरकलेल्याला कोणी विचारत नाही. निम्मं कोरं असेल आणि तरीही साल पूर्ण वाचता येत असेल तर संग्राहक थांबून बघतो. साल कोऱ्या भागात गेलं तर किंमत बरीच पडते.

ह्याचाच भाऊ म्हणजे ब्रॉडस्ट्राइक. चित्र मध्यभागीच असतं पण कॉलर वर आलेली नसते, त्यामुळे धातू बाहेर पसरतो आणि नाणं मोठं, पातळ काठाचं होतं. वजन मात्र नेहमीइतकंच भरायला हवं. हातोडीने चपटं करून पसरवलेल्या नाण्यात अक्षरंही पसरट आणि बुजलेली असतात. ब्रॉडस्ट्राइकमध्ये मधली अक्षरं टोकदार राहतात.

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नाही. कोणी कापला असेल का?

पुऱ्या एका मापाच्या व्हाव्यात म्हणून लाटलेल्या मोठ्या पोळीवर वाटी दाबतात. पोळी पुरेशी पुढे सरकवली नाही तर पुढची पुरी आधीच्या भोकावर जाऊन पडते आणि तिचा घास कमी येतो. धातूच्या पट्टीचंही हेच होतं. ह्याला क्लिप म्हणतात.

कापलेल्या क्लिपपेक्षा खरी क्लिप ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली, कापाच्या बरोब्बर समोरची कड बघा. काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्हीकडून दाबली जाते. एकीकडे तुकडाच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड फिकी, अर्धवट राहते. इंग्रजी पुस्तकांत ह्याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. प्रत्येक खऱ्या क्लिपवर तो दिसतोच असं नाही, पण दिसला तर निश्चिंत व्हा. दुसरी खूण कापाजवळच्या अक्षरांत असते. ठोका पडताना धातू रिकाम्या जागेकडे वाहतो, म्हणून अक्षरं कापाकडे किंचित ओढली जातात. कानसीने कापलेल्या नाण्यात अक्षर चाकूने कापल्यासारखं मध्येच तुटतं आणि कापावर कानशीचे समांतर ओरखडे दिसतात.

एका बाजूला सरळ चित्र, दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट. हे काय?

ब्रॉकेज. माझ्या मते चुकांमधली सगळ्यात देखणी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नकली बनवली जाणारी.

होतं असं की एक नाणं ठोकून झाल्यावर वरच्या डायला चिकटून बसतं. पुढची चकती आत येते. तिच्या खालच्या बाजूला खालचा डाय व्यवस्थित छाप उठवतो, पण वरून तिच्यावर डाय आदळत नाही, आधीचं चिकटलेलं नाणं आदळतं. त्या नाण्याची उघडी बाजू खालच्याच डायने तयार झालेली असते. म्हणून नव्या नाण्यावर एकच चित्र दोनदा येतं, एकदा उठावाचं आणि एकदा आरशातल्यासारखं खोलगट.

आता नकली बघू. दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली किंवा घणाने ठोकली की एकाचा उठाव दुसऱ्यात रुततो. अशा नाण्यावर भिंग धरलं की खोलगट चित्राच्या खाली त्या बाजूचं मूळ चित्र दबलेलं, भुतासारखं दिसतं : सिंहांच्या छातीवरून आकडा गेलेला, किंवा 'सत्यमेव जयते'ची अक्षरं चेपलेली. खऱ्या ब्रॉकेजमध्ये असं भूत असूच शकत नाही, कारण त्या बाजूच्या डायवर चिकटलेलं नाणं होतं आणि डायने चकतीला स्पर्शच केला नव्हता. मग नाणं उलटून दुसरी बाजू बघा. वाइसमध्ये ती कठीण लोखंडावर टेकलेली असते, त्यामुळे उठावाचे माथे चकचकीत चपटे झालेले असतात. एवढ्या दोन गोष्टी बघितल्या की जुन्या बाजारात 'उलटं नाणं' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मालाचा निकाल जागेवर लागतो.

नाणं उलटवल्यावर मागची बाजू तिरकी किंवा उलटी दिसते.

आपली स्वातंत्र्यानंतरची नाणी अशी आहेत की नाणं वर-खाली दोन बोटांत धरून डावीकडून उजवीकडे फिरवलं तर दुसरी बाजूही सरळ उभी दिसायला हवी. डाय सैल बसला तर ती फिरलेली दिसते. दहा-पंधरा अंशांचा फरक किरकोळ. काटकोनात किंवा पूर्ण उलटं असेल तर ठेवून द्या. परदेशी किंवा जुन्या नाण्यांत पद्धत वेगळी असू शकते, तेव्हा निकाल द्यायच्या आधी त्याच प्रकारचं दुसरं नाणं शेजारी धरा.

अक्षरं दुहेरी दिसतात. हेच ते 'डबल्ड डाय' का?

बहुतेक वेळा नाही. खऱ्या प्रकारात डाय तयार होतानाच त्याच्यावर चित्र दोनदा, किंचित हलून उमटलेलं असतं. त्यामुळे त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलाईदार, पूर्ण उठावाच्या असतात आणि अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात. अमेरिकेचा १९५५चा एक सेंट ह्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे दिसतं ते मशीन डबलिंग. ठोका पडल्यावर डाय जरासा घसरतो आणि अक्षराची कड खरवडून पायरीसारखी चपटी करतो. दुसरी प्रतिमा सपाट, चमकदार आणि बुटकी असेल तर ते हेच, आणि त्याला जास्तीचे पैसे कोणी देत नाही.

एक अक्षर किंवा आकडा गायब आहे. आणि कधी कधी रेघ दिसते ती कसली?

डायच्या खाचेत वंगण आणि धातूची भुकटी जमून ती भरली की तिथे अक्षर उठत नाही. अशा ठिकाणी आजूबाजूची जमीन अस्पर्श असते. कोणी अक्षर घासून काढलं असेल तर तिथला पृष्ठभाग इतर ठिकाणांपेक्षा वेगळा, खरवडलेला दिसतो. नाणं दिव्याखाली तिरकं करा, लगेच कळतं.

रेघेचं सोपं आहे. डायला तडा गेला की त्या भेगेत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उंच येते. नाण्याला ओरखडा गेला तर ती रेघ खोल असते. नखाने किंवा टूथपिकने हळूच चाचपा. डायचा कडेचा तुकडाच तुटून पडला तर नाण्याच्या काठाला एक बेढब गोळा येतो. त्याला इंग्रजीत 'cud' म्हणतात आणि तो जितका मोठा तितका गिऱ्हाईक खूश.

दहाच्या नाण्याचा मधला भाग सरकलाय किंवा नाहीच आहे.

दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं २००५ सालापासूनच्या साच्याचं आहे. कडं आणि गाभा आधी एकमेकांत बसवतात आणि मग एकाच ठोक्यात दोघांवर छाप उठते. ह्या एका गोष्टीवरून निकाल लागतो. गाभा मध्यापासून सरकलेला असला तरी त्यावरचे सिंह आणि कड्यावरची 'भारत' ही अक्षरं एकमेकांच्या संदर्भात सरळच असणार, कारण डाय एकच होता. सिंह कड्याच्या मानाने तिरके झाले असतील तर गाभा बाहेर काढून परत बसवलाय. तो ठोकून काढता येतो, त्यात कारागिरी काही नाही.

गाभा नसलेल्या नाण्यात भोकाची आतली कड बघा. गाभ्याशिवाय ठोका पडला असेल तर दाबाने धातू आत वाहून कड ओबडधोबड होते. भोक स्वच्छ गोल आणि आतली खाच शाबूत असेल तर तुमचा गाभा कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं मिळालंय.

जादूगाराच्या दुकानातलं असणार. दोन नाणी अर्धी कातून एकात एक बसवतात. काठाजवळ आतल्या बाजूला बारीक गोल सांधा असतो, आणि टेबलावर टाकलं की आवाज बद्द येतो.

सालाखाली तारा, चौकट किंवा ठिपका आहे. ही चूक आहे का?

ही टांकसाळीची खूण आहे. मुंबईची चौकट, म्हणजे हिऱ्याचा आकार. हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि काहीच नसेल तर कोलकाता. गेल्या काही दशकांत नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा सरकारने परदेशी टांकसाळींतही नाणी पाडून घेतली. १९८५च्या रुपयावर 'एच' दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. ह्या खुणांमुळे एखादं साल-टांकसाळ जोडपं कमी सापडतं हे खरं, पण तारा आहे म्हणून नाणं दुर्मीळ असं नसतं. तसं असतं तर पीएमपीएमएलच्या प्रत्येक कंडक्टरकडे बंगला असता.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावरच्या ठिपक्यांची गोष्ट जास्त मजेची आहे. १८६२ हे साल घालून हे रुपये १८७४पर्यंत पाडले जात होते, आणि मुंबईच्या टांकसाळीत वेगवेगळ्या वर्षांसाठी ठिपके वापरले गेले. म्हणून एकाच १८६२च्या रुपयाचे कितीतरी प्रकार संग्राहक भिंग लावून मोजत बसतात. ही चूक नव्हे, ही व्हरायटी.

माझ्या शिवराईवर अक्षरं अर्धीच आहेत. ऑफ-सेंटर म्हणून जास्त पैसे मिळतील?

नाही मिळणार, उलट कमी मिळतील. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हाताने ठोकलेलं. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा बहुधा लहान असायचा आणि हातोडीचा घाव बसेल तिथे बसायचा. छाप सरकलेली असणं हा तिचा नेहमीचा स्वभाव आहे. इथे हिशेब उलटा होतो : एका बाजूला 'श्री राजा शिव' तिन्ही ओळींत पूर्ण आणि दुसरीकडे 'छत्र पति' पूर्ण असेल तर ती विशेष. ठसे कोरणारे अनेक होते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अक्षरांच्या वळणाचे भरपूर फरक सापडतात. ते फरक म्हणजे ठशांचे प्रकार आहेत आणि त्यांच्यावर अभ्यास करण्यासारखं खूप आहे.

पेशवाईतल्या अंकुशी रुपयाचंही तसंच. त्यावर फारसी मजकूर मोगल बादशहाच्या नावाचा, सोबत अंकुशाची खूण. अंकुश स्पष्ट दिसणं महत्त्वाचं. पुण्याच्या मोगली नाण्यांवर गावाचं नाव 'मुहियाबाद' असं येतं, आणि ते नाव चकतीच्या बाहेर गेलं नसेल तर नाण्याचा भाव लगेच वेगळा होतो. अशा रुपयांवर सराफांनी पारखताना मारलेले छोटे छाप असतात. त्याने दर्जा उतरतो, तरी काहींना ते आवडतात. मलाही आवडतात, पण विकत घेताना मी भाव कमीच सांगतो.

व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी म्हणजे काय?

नाण्याची अवस्था सांगायच्या पायऱ्या. खालून वर : पुअर, गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, अबाउट अनसर्क्युलेटेड आणि अनसर्क्युलेटेड. नावावर जाऊ नका, 'गुड' म्हणजे जवळजवळ गुळगुळीत झालेलं नाणं. विल्यम शेल्डन ह्या अमेरिकन माणसाने १९४९ साली मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी आकड्यांची मोजपट्टी काढली, तीच आज सगळीकडे चालते. साधारणपणे फाइन १२च्या पुढे, व्हेरी फाइन २० ते ३५, एक्स्ट्रा फाइन ४० आणि ४५, अबाउट अनसर्क्युलेटेड ५० ते ५८, आणि ६० ते ७० म्हणजे व्यवहारात झिजलेलंच नाही असं.

साठच्या वर असलेलं नाणं निष्कलंक असतं असं मात्र नाही. टांकसाळीतून नाणी पोत्यांतून निघतात, एकमेकांवर आपटतात. गालावर, कपाळावर टोचल्यासारख्या खुणा पडतात. त्या किती आणि कुठे आहेत ह्यावर साठ की पासष्ट ते ठरतं. प्रूफ ही अवस्था नाही. ती खास घासलेल्या डायने आणि चकतीने नाणं बनवायची पद्धत आहे.

झीज बघायची तर नेमकी कुठे?

जिथे उठाव सगळ्यात उंच, तिथे. बोट तिथेच लागतं.

राणीछाप रुपया घ्या. कानावरचे केस, गालाचा उंचवटा आणि छातीवरच्या वस्त्राची नक्षी बघा. नक्षीच्या चौकटी वेगवेगळ्या मोजता येत असतील तर तुम्ही वरच्या पायऱ्यांवर आहात. चौकटी एकात एक मिसळल्या असतील पण केसांचे बट दिसत असतील तर फाइन ते व्हेरी फाइनच्या दरम्यान. चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा उरली असेल तर चांदीच्या भावाचं नाणं. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुकुट नाही, तिथे भुवई, कान आणि त्यावरचे केस बघायचे. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुटाची कमान आणि छातीवरच्या साखळीतला हत्ती. १९११च्या रुपयावर हा हत्ती असा कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा वाटला, ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. म्हणून १९११चा रुपया 'पिग रुपी' म्हणून ओळखला जातो. झिजलेल्या नाण्यावर मात्र हत्ती आणि डुक्कर ह्यांत फरक करता येत नाही, तेव्हा साल वाचा.

सध्याच्या नाण्यांवर मधल्या सिंहाचं नाक, आयाळ आणि छाती. १९९२नंतरचा रुपया स्टेनलेस स्टीलचा. तो झिजतो कमी आणि ओरखडतो जास्त, त्यामुळे तिथे झिजेपेक्षा खुणा मोजाव्या लागतात.

आणि दिवा. घरातल्या ट्यूबलाइटखाली सगळीच नाणी बरी दिसतात. एकच टेबल लॅम्प लावा, बाकीचे दिवे बंद करा, नाणं काठावर धरून हळूहळू तिरकं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, कारण ठोक्याच्या वेळी धातू बाहेर वाहताना बारीक रेषा उठलेल्या असतात. गालावर आल्यावर पट्टा तुटला, तिथे करडा डाग दिसला, तर तिथे बोटं लागलेली आहेत. यूएनसी म्हणून विकलं जाणारं नाणं मी आधी असंच फिरवून बघतो. विकणारा "लाइट कशाला बंद करताय?" म्हणाला तर उत्तर मिळालं.

केस दिसत नाहीत, पण नाणं चमकतंय. मग हे झिजलेलं की कसं?

तो कच्चा ठोका असू शकतो. डाय पुरत्या जोराने बसला नाही तर खोलगट कोपऱ्यांत धातू पोहोचत नाही आणि तपशील मुळातच उठत नाही. फरक चकाकीत आहे. सपाट भागावरही फिरती चकाकी शाबूत असेल तर कच्चा ठोका. तिथेच ती मेलेली असेल आणि बाकी जिवंत असेल तर झीज. शंका असेल तर त्या जागेच्या बरोब्बर मागे काय आहे तेही बघा. कच्चा ठोका पुष्कळदा दोन्ही बाजूंना समोरासमोर दिसतो.

विकायच्या आधी चकचकीत करू का?

नका. नकाच.

चिंच, लिंबू, रांगोळी, राख, टूथपेस्ट, ज्याने देव्हाऱ्यातली भांडी लखलखतात त्या प्रत्येक गोष्टीने नाण्याचा वरचा थर जातो. चांदीवरचा काळसर रंग हा चांदी आणि हवेतलं गंधक ह्यांच्या संयोगाने आलेला थर असतो. तो घासला की त्याखालच्या बारीक प्रवाहरेषाही जातात आणि नाणं कृत्रिम, भांड्यासारखं पांढरं दिसायला लागतं. भिंगाखाली केसासारखे असंख्य समांतर ओरखडे दिसतात. परदेशी ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता नुसतं 'डिटेल्स' लिहून परत पाठवतात.

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या राणीछाप रुपयांवर हळद-कुंकवाचा आणि तेलाचा लेप असतो. तो काढायचाच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत थोडा वेळ बुडवा, नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्या. घासायचं नाही. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. तांब्याच्या शिवराईवर टणक हिरवट-तपकिरी थर असेल तर तो तिचा दागिना आहे. भुरभुरणारी फिकट हिरवी पूड दिसली तर मात्र ती लागण आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आजीच्या गळ्यातल्या माळेतले रुपये आहेत. कडी काढून घेतली तर चालेल?

काढली तरी झाळ राहते. कडेला, बहुधा बारा वाजताच्या जागी, धातूचा वेगळा रंग आणि वितळल्यासारखा भाग दिसतो. सराफ कितीही सफाईने कानस मारो, काठाच्या खाचा तिथे तुटतात. अशा नाण्याला संग्राहकाकडून चांदीपेक्षा फार जास्त मिळत नाही. माळ म्हणून ती जास्त मोलाची आहे, आहे तशीच राहू द्या.

नाणं खरं चांदीचं आहे का, हे घरी कळेल?

बरंचसं. ब्रिटिश रुपयाचं प्रमाण वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि १९४०पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी. युद्धात चांदी महागली आणि १९४०पासून ती निम्म्यावर आली. १९४७चा रुपया तर निकेलचा. "सत्तेचाळीसचा चांदीचा रुपया, वाघाचा" असं कोणी सांगितलं तर चुंबक लावा. निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. दोन दशांश स्थळांचा छोटा डिजिटल काटा आणि दहापट भिंग एवढं घरात असलं की पुरे. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण एक ग्रॅम कमी असेल तर सावध व्हा.

१९३९चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून इतर सालांचा शेवटचा आकडा बदलून तो 'तयार' करतात. आकड्याभोवतीची जमीन भिंगाखाली बघितल्याशिवाय ह्या सालावर पैसे लावू नका.

अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग करून घ्यावं का?

ग्रेडिंग करणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या आहेत : पीसीजीएस १९८६ची, एनजीसी १९८७ची. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देतात. लिलावात अशा डबीतल्या नाण्याला विश्वासाचे पैसे मिळतात. पण खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचा वेळ बघता साध्या नाण्याला ते परवडत नाही. आणि एक गोष्ट पुष्कळजण विसरतात : १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. राणीचा रुपया कुरियरने टाकायच्या आधी हे लक्षात घ्या.

वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख मिळतात म्हणे?

२०१२ची पाच आणि दहा रुपयांची ती नाणी चलनातली. पाचच्या नाण्याचे पाच रुपये मिळतील. वीस पैशांच्या कमळाच्या पिवळ्या नाण्यात सोनं आहे ही अफवा तर अर्धशतक जुनी आहे, ते नाणं तांब्याच्या मिश्रधातूचं. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेली रामदरबाराची आणि मारुतीची नाणी कंपनीने कधी काढलीच नाहीत. आणि तांदूळ ओढून घेणारं नाणं ही शुद्ध फसवणूक आहे, त्यात लोकांनी खरोखर लाखो घालवलेत.

जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी कर, कमिशन किंवा नोंदणी फी मागणारे रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरतात. असा कुठलाही व्यवहार बँक करत नाही, असं तिने २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलंय. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हे ऐकूनच फोन ठेवायचा.

मग खरी किंमत पुण्यात कोण सांगेल?

एकटा कोणीच नाही. लिलावांमध्ये प्रत्यक्ष हातोडा पडलेल्या किमती बघा, ऑनलाइन जाहिरातीतली मागणी बघू नका. मागायला काय, कोणीही काहीही मागतं. कर्वे रस्त्यावर भरणाऱ्या 'कॉइनेक्स' प्रदर्शनात एका दिवसात दहा टेबलांवर एकाच नाण्याचा भाव विचारता येतो आणि मोठ्या लिलावकंपन्यांचे लोकही भेटतात. बुधवार-रविवारचा जुना बाजार नजर तयार करायला उत्तम, पण तिथे शिकायला जा. गुंतवणूक करायला नको. शिवकालीन आणि पेशवाई नाण्यांचा अभ्यास करायचा असेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वाट धरा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्थाही आहे.

पावसाळ्यात नाणी ठेवायची कशी?

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, दोन वर्षांत हिरवा चिकटा येतो. रबरबँडने गुंडाळू नका, त्यातलं गंधक चांदी काळी करतं. मायलरची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, खिडकी असलेले पुठ्ठे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पुड्या जूनमध्ये बदला. नाणं नेहमी काठाने धरा.

घराचा पाया खणताना मडक्यात नाणी सापडली. विकता येतील?

लगेच नाही. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे : काय सापडलं, किती, कुठे आणि कधी. चौकशीनंतर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायदा बघतो. लपवलं तर तो हक्कही जातो आणि वर गुन्हा दाखल होतो. तोपर्यंत नाणी धुऊ नका, एकमेकांत वाटू नका आणि मडक्याचे तुकडेही फेकू नका. कुठली नाणी कुठल्या नाण्यांसोबत होती, ह्यावरूनच ती कधी पुरली गेली ते कळतं.